तीस फुटी गालावरची तीट

प्रत्यूषाला फार काही नको होतं. बुज्जीचं उष्टावण घरातल्या घरात व्हावं, पाहुणे मोजके असावेत, बाळाला हात लावण्याआधी त्यांनी साबण लावून हात धुवावेत, चमचा उकळून घेतलेला असावा, आणि पायसमचा, म्हणजे बिनदुधाच्या गूळ-भाताच्या खिरीचा, पहिला घास बुज्जीनं गिळावा. थुंकू नये. बस्स, एवढंच.

यातली शेवटची अट सगळ्यात अवघड होती, कारण थुंकणं ही बुज्जीची कला होती. जीवनसत्त्वाचे थेंब, ग्राइप वॉटर, देवळातलं तीर्थ, काहीही द्या. ती क्षणभर विचार केल्यासारखा चेहरा करायची आणि समोरच्याच्या कपड्यांवर सगळं साभार परत करायची. त्यात जन्मली तीच हडकुळी. प्रत्यूषा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होती आणि म्हणूनच तिला धड झोप नव्हती. इतरांना ताटात ताट दिसायचं, हिला त्या ताटावरची अख्खी वस्ती दिसायची.

"पहिला घास थुंकला ना, की पोर जन्मभर जेवणासाठी रडवते बघ," शेजारच्या कनकम्मांनी कुंपणावरून सांगून टाकलं होतं. "आमचा धाकटा आठव. आज बँकेत मॅनेजर आहे. पण त्याची बायको अजून ताट घेऊन त्याच्या मागे मागे फिरते."

प्रत्यूषानं हे हसण्यावारी नेलं. मग आत जाऊन बुज्जीचं वजन केलं.

खरं संकट मात्र वेगळंच होतं. पंतुलुगारूंनी पंचांग पाहून उष्टावणाचा शुक्रवार काढला, आणि ते ऐकून तिचे सासरे पुरुषोत्तमराव, म्हणजे घरच्यांचे आणि निम्म्या गावाचे मावय्या, खुर्चीतून ताडकन उठले.

"शुक्रवार! अगं, त्याच दिवशी 'रणरंगाराव' लागतोय!"

मावय्या गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. पण ती त्यांची पोटापाण्याची सोय. त्यांचं खरं पद म्हणजे प्रभंजन स्टार उदयकेसरी अभिमान संघमचे, म्हणजे त्या नटाच्या चाहता मंडळाचे, तहहयात अध्यक्ष. उदयकेसरी याच पुन्नागपालेमचा. कालव्यापलीकडे पिठाच्या गिरणीमागे जन्मला, मावय्यांच्या बाकावर त्यांच्याच उत्तरपत्रिकेत बघून गणितात पास झाला आणि त्यांचीच सायकल घेऊन स्टेशनवर जाऊन मद्रासच्या गाडीत बसला. "सायकल अजून स्टेशनवरच असेल," मावय्या अभिमानानं सांगत.

मद्रासमध्ये त्याला पहिली भूमिका मिळाली ती प्रेताची. "पण काय मेला होता!" मावय्या डोळे पुसत. "थिएटरात बायका सुतक पाळायला तयार होत्या." दुसऱ्या चित्रपटात तो खलनायकावर छत्री धरून उभा होता. तिसऱ्यात नायकाच्या वाट्याची गोळी त्यानं छातीवर घेतली, आणि पडता पडता खांद्यावरचा टॉवेल असा काही हवेत उडवला, की तो गोल फिरून पुन्हा खांद्यावरच येऊन बसला. बस्स! पुढची चाळीस वर्षं तो टॉवेल उडत राहिला आणि आंध्र देश शिट्ट्या मारत राहिला. साठी उलटली तरी केसरीगारू पडद्यावर अजून कॉलेजात जात. तिथे ते नापास होत नसत, पण पासही होत नसत.

या घराचं पंचांगही त्यांच्यावरच चाले. प्रत्यूषाचा नवरा फणींद्र 'टाडेपल्ली टायगर'च्या शंभराव्या दिवशी जन्मला. गच्चीवरची खोली बांधली ती त्यांच्या दुहेरी भूमिकेच्या वर्षी. मात्र गेले चार चित्रपट ओळीनं आपटले होते आणि मावय्यांच्या तोंडची चव गेली होती. नातीला मांडीवर घेऊन ते केसरीगारूंचं जीवनचरित्र सांगत आणि शेवटी खांद्यावरचा टॉवेल उडवत. तो एकदाही खांद्यावर परतला नव्हता. कधी पंख्यात अडके, कधी सांबारात पडे. बुज्जी आ वासून बघायची आणि टॉवेल पडला की खिदळायची. पण प्रत्यूषानं टॉवेलवर बंदी आणली. "मावय्या, त्यातून किती धूळ उडते!"

शुक्रवारी उष्टावण करायचं ठरलं, तेव्हा मावय्यांनी बदल्यात एकच गोष्ट मागितली. "फाटकावर एक छोटा फ्लेक्स लावू. फार नाही. लोकांना कळायला नको?"

पुन्नागपालेममध्ये कुणी मोटारसायकल घेतली तरी फ्लेक्स लागतो. दात पडला तरी लागेल. प्रत्यूषानं मान्य केलं, पण मजकूर स्वतः तपासला: 'आमची चिमुकली आज पहिला भात खाणार. वय सहा महिने. आपले आशीर्वाद असावेत.' बुज्जीचा नुकत्याच झालेल्या अंघोळीनंतरचा, बोळकं उघडून हसणारा फोटोही तिनंच निवडला. संघमचा थिएटरसमोरचा तीस फुटी फ्लेक्सही त्याच दुकानात, सत्तिबाबूकडेच छापायला गेला होता. त्याच्यावरचा मजकूर तिनं तपासला नाही. तो तिचा विषयच नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती रांगोळी काढायला फाटकाशी गेली आणि जागच्या जागी थिजली.

फाटकावर उदयकेसरी होते. रक्तानं माखलेली कुऱ्हाड, पिंजारलेल्या मिशा, लालभडक डोळे. खाली लिहिलं होतं: 'आमची चिमुकली आज पहिला भात खाणार. वय सहा महिने.'

कनकम्मा आधीच कुंपणाशी हजर होत्या. "नाक तुमच्याकडचं वाटतंय," त्या म्हणाल्या.

"अहो, इकडे या!" प्रत्यूषानं फणींद्रला हाक मारली. फणींद्र दाढीचा फेस तोंडावर घेऊन आला, त्यानं फ्लेक्स वाचला आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे सत्तिबाबूनं फोटोंची अदलाबदल केली."

हे वाक्य बोलून झाल्यावर त्याला त्याचा अर्थ कळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात थिएटरच्या बाजूनं डफासारखे डप्पू वाजायला लागले.

प्रत्यूषानं बुज्जीला उचललं, सासूबाईंनी, म्हणजे अत्तय्यांनी, पायसमची वाटी आणि उकळलेला चमचा पदराखाली घेतला, आणि नुकत्याच आलेल्या पंतुलुगारूंसकट सगळी वरात चौकात पोचली. थिएटरसमोर मुंग्यांसारखी माणसं जमली होती. गुंडाळलेल्या फ्लेक्सची दोरी मावय्यांनी स्वहस्ते ओढली होती आणि ते अजून ती दोरी धरूनच उभे होते. वर, आभाळाला टेकलेली, तीस फुटी बुज्जी हसत होती. बोळकं केवढं, तर त्यात रिक्षा मावावी. खाली मजकूर होता: 'प्रभंजन स्टार! एकच सिंह, एकच गर्जना! आता शत्रूंना झोप नाही!'

"यातलं खोटं काहीच नाही," फणींद्र पुटपुटला. गेले सहा महिने तोही झोपला नव्हता.

"मावय्या! हे उतरवा आधी!"

"कसं उतरवू, अम्मा?" मावय्यांचा आवाज रडवेला झाला होता. "हार चढला. नारळ फुटला. हार चढलेला फ्लेक्स पहिला खेळ व्हायच्या आत उतरवला तर चित्रपट गेलाच म्हणून समज. आधीच चार गेलेत."

संघमचा चिटणीस एडुकोंडलू मोठ्या उत्साहानं पुढे आला. लोक आधी गप्प झाले होते, मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि आता सगळ्यांना ती बुज्जी भलतीच आवडली होती. "मास्तरगारू, चार चित्रपट केसरीबाबूंचाच फोटो लावला, काय झालं? यंदा बाळपावलांनी लक्ष्मी येऊ दे की!" असं म्हणून त्यानं बांबूच्या मचाणावर चढलेल्या पोरांना खूण केली. पोरांनी दुधाच्या घागरी उचलल्या.

त्या घागरी बुज्जीच्या तोंडाच्या दिशेनं कलायला लागल्या आणि प्रत्यूषा पुढे धावली.

"थांबा!" ती ओरडली. "वरचं दूध नाही! डॉक्टरांनी सांगितलंय, वर्षाच्या आत वरचं दूध द्यायचं नाही!"

डप्पू थांबले. सगळा चौक तिच्याकडे बघायला लागला.

"अम्मा," एडुकोंडलू हात जोडून म्हणाला, "हा फ्लेक्स आहे."

"कळतंय मला. तरीपण नाही."

एडुकोंडलूनं मावय्यांकडे पाहिलं, मावय्यांनी आभाळाकडे. शेवटी त्यानं नमतं घेतलं. "मग काय चालेल? अभिषेक तर झालाच पाहिजे."

"उकळून गार केलेलं पाणी," प्रत्यूषा म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एम.एस्सी.ला तिचं सुवर्णपदक थोडक्यात हुकलं होतं. पण गर्दीतल्या बायकांनी माना डोलावल्या. "बरोबर आहे," एक म्हातारी म्हणाली. "पोटाला बाधतं." चहाच्या टपरीवरून पाणी आलं. ते नीट उकळलं होतं का, याची दोन आयांनी जातीनं चौकशी केली. अभिषेक पार पडला. दूध चहावाल्याकडे गेलं आणि सगळ्यांना फुकट चहा मिळाला, त्यामुळे बुज्जीची लोकप्रियता आणखीनच वाढली.

आता घरी जाऊन उष्टावण उरकावं, असं प्रत्यूषा म्हणणार, तोच अत्तय्या वर बघत हळूच म्हणाल्या, "सगळं गाव बघतंय गं लेकराकडे."

"बघू दे ना."

"तीट नाहीये."

प्रत्यूषाचा दृष्ट वगैरेवर विश्वास नव्हता. बुज्जीच्या गालावर रोज काजळाची तीट लागायची ती अत्तय्यांच्या समाधानासाठी, असं ती सांगायची. तिनं कडेवरच्या बुज्जीकडे पाहिलं. डाव्या गालावर तीट होती. मग तिनं वर पाहिलं. एवढा मोठा गाल, गुळगुळीत, गोरा, उघडा. त्याच्याकडे रोखलेले हजारभर डोळे. फोटो अंघोळीनंतरचा होता आणि तीट अंघोळीत धुतली जाते.

"पंतुलुगारू," तिनं विचारलं, "मुहूर्त कधीपर्यंत आहे?"

"आहे थोडा वेळ, अम्मा. पण मला पुढे गृहप्रवेश आहे. ते लोक गाय घेऊन दारात उभे असतील."

"तीट लागल्याशिवाय मी घास भरवणार नाही," प्रत्यूषा म्हणाली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं घाईघाईनं जोडलं, "माझा विश्वास नाहीये. पण आज मला प्रयोग करून बघायचा नाहीये."

बांबूच्या मचाणावरून पोरांचे हात हनुवटीपर्यंतच पोचत होते. गाल फार वर होता. तिथवर जाऊ शकेल अशी गावात एकच वस्तू होती: रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायची नगरपालिकेची, माणसाला वर उचलणाऱ्या पाळण्याची गाडी. कार्यालय चौकातच होतं. तिथे भद्रय्या नावाचे अधिकारी बसत, आणि त्यांच्या टेबलाच्या काचेखाली धूमकेतू स्टार कल्याणभूपतीचा फोटो होता. तो पाहून मावय्या दारातच थबकले. चाळीस वर्षांत दोन्ही नटांच्या संघमांत पाण्याचीसुद्धा देवघेव नव्हती.

"गाडी दिव्यांसाठी आहे, गालांसाठी नाही," भद्रय्या म्हणाले. "आणि हे काय, तुमच्या हिरोला आता लहान मुलांच्या आड लपायची वेळ आली?"

"तुमचा हिरो तर विगाच्या आड लपतो," मावय्या दारातून गरजले.

"तो विग नाही! ते केस मुळातच तसे आहेत!"

"मावय्या, तुम्ही बाहेर थांबा बघू," प्रत्यूषा म्हणाली. मग बुज्जीला कडेवर घेऊन ती टेबलाजवळ गेली आणि भद्रय्यांना काका मानून म्हणाली, "बाबायगारू, दिवा बंद असेल तर गाडी येते ना?"

"येते. तक्रार असेल तर."

"थिएटरसमोरचा दिवा मी लग्न होऊन आले तेव्हापासून बंद आहे," अत्तय्या म्हणाल्या.

"तक्रार आली नाही कधी."

"आली नाही?" मागून कनकम्मांचा आवाज आला. त्या कधी आल्या ते कुणालाच कळलं नाही. "दर सणाला मी येऊन सांगते! मागच्या वेळी तर तुम्ही मला चहा पाजून परत पाठवलंत! साखर कमी होती त्यात!"

भद्रय्यांनी कनकम्मांकडे पाहिलं, मग बुज्जीकडे. बुज्जीनं त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरली होती आणि ती चोखायच्या बेतात होती. त्यांना स्वतःला तीन नाती होत्या.

"मी फक्त दिवा दुरुस्त करायला येतोय," ते उठत म्हणाले. "वाटेत कुणाचा गाल आला, तर माझा नाइलाज आहे."

गाडी आली. आता रंग हवा होता. अत्तय्यांच्या डबीतल्या काजळात तीस फुटी बाळाची एक पापणीसुद्धा रंगली नसती. थिएटरच्या मॅनेजरनं आतून काळ्या रंगाचा डबा आणला. 'हाऊसफुल्ल'ची पाटी रंगवायचा डबा तो. चार चित्रपट उघडलाच नव्हता, त्यामुळे वर जाड साय धरली होती. ती फोडून रॉकेल ओतताना मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी आलं. रॉकेलमुळे आलं असं तो म्हणाला. तीट गोल हवी म्हणून चहावाल्यानं इडलीच्या भांड्याचं झाकण दिलं. प्रत्यूषानं ते आधी पुसून घेतलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मी जातो वर," फणींद्र म्हणाला. त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडेही चक्कर यायची.

"नको. तुम्ही उजव्या गालाला लावाल."

बुज्जीला अत्तय्यांकडे देऊन, पदर खोचून प्रत्यूषा पाळण्यात उभी राहिली. पाळणा वर निघाला. हनुवटी गेली, ओठ गेले, मग समोर नुसता गालच गाल. जवळून त्या गालाचे ठिपके ठिपके दिसत होते. खाली सगळं पुन्नागपालेम माना वर करून श्वास रोखून उभं होतं. गेले सहा महिने ती बुज्जीला जेवढ्या जवळून बघत आली होती, तेवढ्या जवळून आता ती तिला पुन्हा बघत होती, आणि तिच्या मनात आलं की इतक्या जवळून कुठलंच बाळ धड दिसत नसणार. तिनं झाकण रंगात बुडवलं आणि दोन्ही हातांनी डाव्या गालावर दाबलं.

चौक दणाणला. शिट्ट्या, डप्पू, कागदाचे तुकडे हवेत. त्या गदारोळात सगळ्यात लांब शिट्टी भद्रय्यांची होती, हे मावय्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"अम्मा, मुहूर्त!" पंतुलुगारू खालून ओरडले. "गाय खोळंबली असेल!"

आता घरी जायला वेळ नव्हता. थिएटरच्या पायऱ्यांवर सतरंजी आली. बुज्जी मावय्यांच्या मांडीवर बसली. मंत्र झाले. प्रत्यूषानं उकळलेल्या चमच्यानं पायसम पुढे केलं. बुज्जीनं तोंड घट्ट मिटलं. चमचा डावीकडून नेला, उजवीकडून नेला, ओठ कुलपासारखे. "टाळ्या वाजवा," कुणी म्हणालं. "नाक धरा," कनकम्मा म्हणाल्या. प्रत्यूषानं चमचा पुन्हा वाटीत बुडवला. तीट लावली, पाणी उकळलं, सगळं केलं, आणि आता हे.

तेवढ्यात एडुकोंडलू फोन उंच धरून गर्दीतून घुसत आला. "केसरीबाबू! केसरीबाबू बोलतायत! हैदराबादहून! मी फोटो पाठवले होते दोन्ही फ्लेक्सचे!"

फोनच्या पडद्यावर उदयकेसरी होते. घरातल्या लुंगीत, चष्मा लावून, मिशा जरा पांढऱ्या. मावय्या मांडीवर बाळ असल्यानं उठू शकले नाहीत; त्यांनी बसल्या बसल्याच नमस्कार केला.

"पुरुषोत्तम, अरे, हे काय केलंस?" पडद्यातून तो गडगडाटी आवाज आला. "चाळीस वर्षं निर्माते माझं वय कमी करतायत. पण सहा महिन्यांपर्यंत खाली यायची कुणाची छाती झाली नव्हती!"

चौक हसला. मावय्या हसता हसता रडायला लागले.

"माझी जागा घेतली ती छोटी स्टार कुठाय? दाखवा मला. काय गं, जेवत नाहीस? थांब." केसरीगारूंनी खांद्यावरचा टॉवेल उचलला. हजार माणसांनी श्वास आत ओढला. टॉवेल हवेत गेला, गोल फिरला, खाली आला, आणि बरोब्बर प्रभंजन स्टारच्या तोंडावर पडून त्यांच्या चष्म्यात अडकला.

चाळीस वर्षांत असं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि बुज्जी हसली. घरी आजोबांचा टॉवेल पडायचा तेव्हा हसायची तशीच, आतडं दिसेल इतकं बोळकं उघडून. प्रत्यूषानं चमचा आत सरकवला.

बुज्जी थबकली. क्षणभर विचार केला. तिचे ओठ पुढे आले, प्रत्यूषानं सवयीनं पदर सावरला... आणि घशाची छोटीशी गोटी वरखाली झाली. मग तिनं पुन्हा तोंड उघडलं, आणि पुढचा घास लगेच आला नाही म्हणून भोकाड पसरलं.

त्यानंतर काय शिट्ट्या वाजल्या म्हणता! आत पडद्यावर केसरीगारूंच्या प्रवेशालाही तेवढ्या वाजल्या नाहीत, असं पुढे सगळ्यांनी मान्य केलं. प्रत्यूषा घासामागून घास भरवत होती आणि नाक पुसत होती.

"बाबा," फणींद्र हळूच म्हणायला लागला, "तो टॉवेल..."

"नेटवर्क," मावय्यांनी त्याला तिथेच तोडलं. "नेटवर्कमुळे पडला. नाहीतर खांद्यावरच येत होता."

चष्म्यातून टॉवेल सोडवत केसरीगारू जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अम्मा, लेकीला तीट लावलीस, फार बरं केलंस. माझाही एक फोटो तुझ्या फाटकावर आहे म्हणे. गेल्या चार चित्रपटांना फार दृष्ट लागली गं."

दुपारी सगळे 'रणरंगाराव' बघायला गेले. बुज्जी पोटभर खाऊन, सहा महिन्यांत पहिल्यांदाच हात पाय ताणून झोपली होती. प्रत्यूषानं अत्तय्यांची काजळाची डबी घेतली, फाटकाशी स्टूल ठेवलं आणि इकडे तिकडे बघितलं.

कुंपणाशी कनकम्मा होत्याच.

"तुझा विश्वास नाही ना गं?"

"नाही," म्हणत प्रत्यूषा स्टुलावर चढली आणि कुऱ्हाड घेतलेल्या, रक्तबंबाळ, सहा महिन्यांच्या प्रभंजन स्टारच्या डाव्या गालावर तिनं बोटानं चांगली ठसठशीत तीट लावली.